भुतं चढवणारा, भुतं उतरवणारा टीव्ही

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली आणि तिच्यातल्या मिस्टर स्पॉकने अभ्यासू, एकलकोंड्या मुलांच्या एका पिढीला दैवत मिळवून दिलं. टोकदार कानांचा, भावनेच्या आहारी न जाणारा, प्रत्येक गोष्ट तर्काच्या तराजूत तोलणारा हा परग्रहवासी. मालिका तीन वर्षांत बंद पडली, चाहते मात्र हटले नाहीत. १९७६ साली नासाचं पहिलं स्पेस शटल तयार झालं, तेव्हा याच मंडळींनी व्हाइट हाउसवर पत्रांचा मारा केला आणि शटलला मालिकेतल्या यानाचं 'एंटरप्राइझ' हे नाव द्यायला लावलं. पुढच्याच वर्षी स्पॉकची भूमिका करणारा लेनर्ड निमॉय 'इन सर्च ऑफ' या कार्यक्रमाचा सूत्रधार म्हणून टीव्हीवर परतला. विषय काय, तर बिगफूट, बर्म्युडा ट्रँगल आणि प्राचीन काळी पृथ्वीवर उतरलेले परग्रहावरचे पाहुणे. आवाज तोच, गांभीर्यही तेच. पुरावा मागणं तेवढं थांबलं होतं.

विज्ञानवेड्या माणसाची ही जुनी पंचाईत आहे. त्याला विज्ञानकथा हव्या असतात, कॉमिक्स हवी असतात, उडत्या तबकड्यांच्या गोष्टीतही तो रमतो. आणि त्याच माणसाला भोंदूगिरीचा मनस्वी संताप येतो. टीव्ही त्याच्या दोन्ही भुका भागवतो, कधी कधी एकाच संध्याकाळी. गेल्या पन्नास वर्षांत इंग्रजी टीव्हीवर संशय हाच विषय असलेले बरेच कार्यक्रम येऊन गेले. काहींनी भोंदूंना उघडं पाडलं, काहींनी नुसतं तोंडसुख घेतलं, काही स्वतःच घसरले. ते सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की माझं मत असं होतं: कसोटी आधी ठरवून, सगळ्यांच्या देखत मांडली की संशय टीव्हीवर टिकतो, व्याख्यान दिलं की प्रेक्षक रिमोट उचलतो. आणि कसोटी मांडण्यात प्राध्यापकांपेक्षा जादूगार आणि खटपटे कारागीर केव्हाही सरस ठरले आहेत.

सुरुवात जादूगारांपासूनच करायला हवी. १ ऑगस्ट १९७३ ला जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये युरी गेलर आला. नुसत्या मनाच्या जोरावर चमचे वाकवणारा, बंद डब्यात काय आहे ते ओळखणारा म्हणून त्याचा तेव्हा गाजावाजा होता. कार्सन स्वतः तरुणपणी जादूचे प्रयोग करत असे. त्याने आधीच जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला घेतला होता. सल्ला साधा होता: चमचे, डबे, सगळं सामान तुमचं वापरा, आणि कार्यक्रमाआधी गेलर किंवा त्याच्या माणसांना त्या सामानाच्या जवळपास फिरकू देऊ नका. झालं. वीसेक मिनिटं गेलर सामान मांडलेल्या टेबलापुढे बसून राहिला. डब्यांवरून हात फिरवला, चमचा चाचपला, आज शक्ती जाणवत नाही म्हणाला. कार्सन शांतपणे वाट पाहत होता. कुणी कुणावर आरोप केला नाही, भाषण झालं नाही. पडद्यावर जे काही घडत नव्हतं, तेच पुरेसं बोलत होतं.

रँडीची खरी करामत पाहायची तर १९८१ चा 'दॅट्स माय लाइन'चा भाग पाहावा. जेम्स हायड्रिक नावाचा तरुण टेलिफोन डिरेक्टरीची पानं म्हणे मनःशक्तीने उलटवायचा. रँडीला शंका होती की हा हळूच फुंकर मारतो. ती बोलून दाखवण्याऐवजी त्याने उघड्या डिरेक्टरीभोवती थर्माकोलचे हलके तुकडे पसरून ठेवले. फुंकर मारली की पान उलटण्याआधी तेच उडणार. हायड्रिक बराच वेळ पुस्तकाकडे टक लावून उभा राहिला. पान काही हलेना. मग त्याने दिव्यांच्या उष्णतेने थर्माकोलमध्ये स्थिर वीज तयार होते, ती आड येते, असं कारण काढलं. परीक्षकांनी ते मानलं नाही. मूठभर थर्माकोलने जे काम केलं, ते दहा लेखांनी झालं नसतं.

१९८६ मध्ये पाळी आली पीटर पोपॉफची. हा टीव्हीवरचा धर्मोपदेशक सभेतल्या अनोळखी माणसांची नावं, पत्ते, आजार देवाने कानात सांगितल्यासारखे घडाघडा सांगायचा आणि तिथल्या तिथे रोग बरा झाल्याचं जाहीर करायचा. रँडीच्या माणसांनी रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा ३९.१७ मेगाहर्ट्झवर देवाऐवजी पोपॉफची बायको सापडली. लोकांनी सभेआधी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या वाचून ती नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात माहिती पुरवत होती. ते ध्वनिमुद्रण सभेच्या चित्रफितीला जोडून रँडीने 'टुनाइट शो'मध्ये वाजवलं. पुढच्या वर्षी पोपॉफने दिवाळखोरी जाहीर केली.

इथे थांबलं तर गोष्ट फार गोड होईल. पण फजितीनंतर गेलरला लगेच दुसऱ्या मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं आणि तो पुढची कित्येक दशकं जगभर फिरत राहिला. लोक म्हणाले, खोटा असता तर दर वेळी जमलं असतं. जमलं नाही, म्हणजेच खरं असणार! पोपॉफही काही वर्षांनी टीव्हीवर परत आला आणि चमत्कारी झऱ्याच्या पाण्याच्या पुड्या वाटू लागला. रँडी २०२० मध्ये गेला. अलौकिक शक्ती सिद्ध करणाऱ्याला त्याच्या संस्थेने देऊ केलेले दहा लाख डॉलर शेवटपर्यंत कुणी जिंकले नाहीत, तरी तशा शक्तीवर विश्वास ठेवणाऱ्यांना त्याने काडीचा फरक पडला असं दिसत नाही. म्हणून संशयी टीव्हीचं यश किती भोंदू संपले यावर मोजण्यात अर्थ नाही. पाहणाऱ्याला पाहायचं कसं ते कळलं का, एवढंच विचारता येतं.

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची 'कॉसमॉस' ही मालिका १९८० साली आली, तेरा भागांची. तिचं कौतुक इतकं झालं आहे की इथे त्यात भर घालत नाही. मात्र सेगनलाही कसोटीचं महत्त्व ठाऊक होतं. तिसऱ्या भागात तो फलज्योतिषावर तात्त्विक चर्चा करत बसत नाही. एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रं घेतो, दोन्हींतलं एकाच राशीचं भविष्य वाचून दाखवतो. ती एकमेकांशी जुळत नाहीत. बस, पुढे केप्लरची गोष्ट सुरू.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'मिथबस्टर्स'. २३ जानेवारी २००३ ला डिस्कव्हरीवर सुरू झालेली, मूळ ऑस्ट्रेलियन निर्मिती कंपनीची ही मालिका २०१६ पर्यंत चालली. तिचे दोन नायक, ॲडम सॅव्हेज आणि जेमी हायनमन, शास्त्रज्ञ नव्हतेच. हायनमनची पदवी रशियन भाषा-साहित्यातली. दोघंही सिनेमासाठी स्पेशल इफेक्ट्स, मॉडेल्स करणारे. सॅव्हेजने 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागांसाठी काम केलेलं, तर पुढे चमूत आलेल्या ग्रँट इमाहाराने त्याच चित्रपटांतला आर२-डी२ हा यंत्रमानव हाताळलेला. म्हणजे गीक संस्कृतीच्या कारखान्यातलेच हे कामगार. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हायनमनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशिन, लाकूड, ड्रिल आणि भंगार यांच्या पसाऱ्यात उभं राहून ते लोकांच्या समजुती तपासायचे. पडत्या लिफ्टमध्ये ऐन वेळी उडी मारली तर वाचतो का? उंच इमारतीवरून टाकलेलं नाणं माणसाचा जीव घेतं का? धावत्या पट्ट्यावरचं विमान उड्डाण करतं का?

मालिकेची प्रकृती कळायला आर्किमिडीजच्या आरशांचं प्रकरण पुरेसं आहे. सिराक्यूजच्या वेढ्यात आर्किमिडीजने आरशांनी सूर्यप्रकाश एकवटून रोमन जहाजं पेटवली, ही जुनी दंतकथा. २००४ मध्ये त्यांनी ती करून पाहिली आणि खोटी ठरवली. प्रेक्षक खवळले. तुमचे आरसे चुकले, कोन चुकला, अशा तक्रारी आल्या. दरम्यान एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी कॅम्पसवर आरसे मांडून लाकडी नौकेची प्रतिकृती पेटवून दाखवली. कार्यक्रमाने त्यांनाच सॅन फ्रान्सिस्कोला बोलावलं. या वेळी खरी होडी, खरं पाणी. होडी काळवंडली, जवळ आणल्यावर जराशी ज्योत दिसली. लांब अंतरावरून मात्र काही पेटेना. निकाल पुन्हा तोच. २०१० मध्ये चक्क राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिसऱ्यांदा करा म्हणून सांगितलं, तेव्हा सुमारे पाचशे जणांच्या हाती आरसे देऊन प्रयोग झाला. होडी पेटली नाही. होडीवर उभ्या असलेल्या हायनमनने एक भर घातली: पेटण्याचं सोडा, पण या उजेडाने डोळे असे दिपतात की समोरचं काही दिसत नाही. दंतकथेचा उगम कदाचित तिथे असेल.

एकाच प्रश्नाला तीनदा हात घालणं, आपल्या निकालावर आलेली हरकत भागाचा विषय करणं, हे तोवर टीव्हीवर कुणी फारसं केलेलं नव्हतं. याचा अर्थ प्रयोग नेहमी काटेकोर असायचे असं नाही. एकदोन चाचण्यांवर निकाल, नमुना तोकडा, कधी नुसताच स्फोट करायची हौस. सिमेंट मिक्सरचा ट्रक उडवून दिला त्यात विज्ञान किती आणि दिवाळी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. डिसेंबर २०११ मध्ये तर त्यांच्या तोफेचा गोळा कॅलिफोर्नियातल्या डब्लिन गावात शिरून एका घराच्या भिंतींतून आरपार गेला आणि पुढे उभ्या मोटारीत जाऊन पडला. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. तरी आपल्याकडे केबलवर ही मालिका पाहिलेल्या मुलांना विचारा; निकाल विसरले असतील, पण मोजमापाच्या पट्ट्या रंगवलेली भिंत, हाय-स्पीड कॅमेरा आणि बस्टर नावाचा तो पुन्हा पुन्हा मोडणारा पुतळा त्यांना आठवतो.

पेन आणि टेलर हे जादूगारही २००३ मध्येच शोटाइमवर आले. त्यांच्या मालिकेचं नाव ही इंग्रजीतली एक शिवीच होती. आपण एखाद्याला ठग म्हटलं तर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो, शिवी दिली तर ते मत ठरतं, असा त्यामागचा हिशेब. त्यांचा सर्वांत गमतीचा भाग बाटलीबंद पाण्याचा. एका झकपक हॉटेलात 'पाण्याचा खास जाणकार' बनून आलेला नट गिऱ्हाइकांपुढे पाण्याचं मेनूकार्ड ठेवतो, महागड्या बाटल्यांतलं पाणी अदबीने ओततो. चव घेऊन लोक डोळे मिटतात, हे अधिक ताजं, ते अधिक मऊ असं सांगतात. मागे हॉटेलच्या अंगणात बागेला पाणी घालायच्या नळीने सगळ्या बाटल्या भरल्या जात असतात.

पण हेच दोघे दुसऱ्याच्या सिगरेटच्या धुराने होणाऱ्या अपायाला थोतांड म्हणून मोकळे झाले होते. २००६ च्या अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने असा धूर थोडासुद्धा निर्धोक नसल्याचं सांगितलं. सरकारने माणसाच्या आयुष्यात नाक खुपसू नये हे त्यांचं राजकीय मत, आणि जिथे निष्कर्ष त्या मताला सोयीचा होता, तिथे कसोटी ढिली पडली. बाटल्यांच्या भागात त्यांनी करून दाखवलं; धुराच्या भागात फक्त आपल्या बाजूचे तज्ज्ञ बोलावले. भाषा दोन्हीकडे तितकीच ठणठणीत. संशयवादी माणसाचा आवाज चढला की मी तरी आता आधी प्रयोग कुठे आहे ते पाहतो.

ब्रिटनमधल्या डेरेन ब्राउनने २००८ साली चॅनेल फोरवर केलेला 'द सिस्टम' हा माझ्या मते या प्रकारातला सर्वांत कसदार एकटा भाग. एका बाईला निनावी संदेश येतो: अमक्या शर्यतीत अमका घोडा जिंकेल. जिंकतो. पुन्हा संदेश, पुन्हा जीत. असं पाच वेळा. आता तिची खात्री पटलेली असते आणि शेवटच्या शर्यतीवर ती न परवडणारी मोठी रक्कम लावायला तयार होते. तेव्हा ब्राउन पडद्यामागचं उघड करतो. सुरुवातीला संदेश ७,७७६ जणांना गेले होते. शर्यतीत सहा घोडे, म्हणून सहा गट, प्रत्येक गटाला वेगळा घोडा. जे हरले त्यांना सोडून दिलं. उरले १,२९६, मग २१६, ३६, ६ आणि शेवटी एक. ती एक म्हणजे ही बाई. तिच्या बाजूने पाहिलं तर पाचही भाकितं अचूक होती. अंगठीचा गुण आला, नवस फळला असं मनापासून सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. ज्यांना गुण आला नाही ते सांगायला येत नाहीत, इतकंच. याच कार्यक्रमात ब्राउन एका सलग दृश्यात नाणं उडवतो आणि लागोपाठ दहा वेळा छाप पाडतो. गुपित? तसं पडेपर्यंत जवळपास नऊ तास चित्रीकरण करत राहिला. टीव्हीवर आपल्याला दिसतं त्याच्या आधी काय कापलेलं असतं, हे टीव्हीनेच इतक्या स्वच्छपणे क्वचित सांगितलं असेल.

कथामालिकांचा हिशेब थोडक्यात उरकतो. 'स्कूबी-डू'च्या १९६९ च्या मूळ मालिकेत जवळपास प्रत्येक भूत म्हणजे शेवटी मुखवटा घातलेला कुणी लबाड निघायचा. लहान मुलांना याहून चांगलं बाळकडू नाही. 'एक्स-फाइल्स'मध्ये उलटा प्रकार. डॉक्टर स्कली पुरावा मागते आणि बहुतेक भागांत तीच चुकीची ठरते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९९६ च्या एका व्याख्यानात यावर बोट ठेवलं होतं. तरीही स्कलीकडे पाहून विज्ञानाकडे वळलो असं सांगणाऱ्या मुली निघाल्याच. 'बिग बँग थिअरी'च्या फळ्यांवरची समीकरणं एक भौतिकशास्त्रज्ञ तपासून देत असे, त्यामुळे ती बिनचूक असत. विनोदाबद्दल तसं म्हणवत नाही.

राग येतो तो वाहिन्यांच्या दुटप्पीपणाचा. जिने तेरा वर्षं 'मिथबस्टर्स' दाखवली, त्याच डिस्कव्हरीने ऑगस्ट २०१३ मध्ये मेगॅलोडॉन हा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला शार्क अजून जिवंत असल्याचा 'माहितीपट' दाखवला. त्यातले शास्त्रज्ञ नट होते. त्याआधी २०१२ मध्ये ॲनिमल प्लॅनेटने जलपऱ्यांवर असाच खेळ केला आणि अमेरिकेच्या समुद्रविषयक सरकारी संस्थेला जलपऱ्यांचा कोणताही पुरावा नसल्याचा खुलासा प्रसिद्ध करावा लागला. वाहिनीला विश्वास आणि संशय यांत आवडनिवड नसते. दोन्हीच्या मध्ये साबणाची जाहिरात लागते.

आपल्याकडचा सर्वांत नाट्यमय प्रसंग ३ मार्च २००८ चा. इंडिया टीव्हीवरच्या चर्चेत सनल एडामरुकू या बुद्धिवादी कार्यकर्त्याने सुरिंदर शर्मा या तांत्रिकाला आव्हान दिलं: मंत्राने माणूस मारता येतो ना, मग मला मारून दाखवा. तांत्रिकाने मंत्र पुटपुटले, पाणी शिंपडलं, सुरी फिरवली, कपाळ दाबलं. सनल हसत बसलेले. प्रक्षेपण लांबत गेलं. मग रात्री उघड्यावर होम पेटवून दुसरा प्रयोग झाला. मध्यरात्र उलटली तरी सनल ठणठणीत. हीच ती कार्सनची पद्धत: अट आधी ठरलेली, वेळ मोजलेली, कॅमेरा चालू. २०१२ मध्ये याच सनल यांनी मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या चर्चबाहेर क्रूसातून ठिबकणाऱ्या 'पवित्र' पाण्याचा माग तुंबलेल्या सांडपाण्यापर्यंत नेला. भिंतीतून केशाकर्षणाने ते पाणी वर चढत होतं. टीव्हीवर तसं सांगितल्यावर धार्मिक भावना दुखावल्याबद्दल तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला निघून गेले.

महाराष्ट्रात हे काम टीव्हीपेक्षा शाळांच्या पटांगणांत आणि गावच्या पारावर झालं. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते 'मंत्राने' होम पेटवून दाखवत आणि लगेच सांगत: तुपाच्या वाटीत ग्लिसरीन होतं, समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट. प्रेक्षकांतल्याच कुणाला तरी पुढे बोलावून त्याच्या हातून तेच करून घेत. आणि जयंत नारळीकरांनी समितीच्या सहकार्याने २००८ मध्ये केलेली फलज्योतिषाची चाचणी तर कोणत्याही वाहिनीने कधी केली नाही इतकी नीटस होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या. सहभागी ज्योतिषांपैकी प्रत्येकाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या. कोणती कुणाची ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आलं असतं. यावर एक उत्तम तासाभराचा कार्यक्रम झाला असता. आपल्या वाहिन्यांवर सकाळी राशिभविष्यच लागतं.

टीव्हीची जागा आता यूट्यूबने घेतली आहे आणि तिथे मला भरवसा वाटतो तो २०२१ मधल्या एका पैजेमुळे. 'व्हेरिटासियम' ही यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्या डेरेक म्युलरने 'ब्लॅकबर्ड' नावाची गाडी चालवून दाखवली. तिला इंजिन नाही, वर मोठा पंखा. वाऱ्याच्याच दिशेने जाताना ती वाऱ्यापेक्षा वेगाने पळते. २०१० मध्येच तिची वाऱ्याच्या २.८ पट वेगाची नोंद झाली होती. ऐकताना हे सरळ सरळ बुवाबाजीच्या जातीचं वाटतं: फुकटात मिळालेली शक्ती. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेन्को यांनी हे अशक्य आहे, झुळूक मंदावली असताना मोजलं असणार, असं ठामपणे सांगितलं. दहा हजार डॉलरची पैज लेखी लागली. साक्षीदारांत बिल नाय आणि नील डिग्रास टायसन हे विज्ञानप्रसारक. मग समीकरणं मांडली गेली, आणि धावत्या पट्ट्यावर पळणारी छोटी प्रतिकृती बांधली गेली. जमिनीवरची चाकंच पंख्याला फिरवतात आणि पंखा हवा मागे ढकलतो, ही मेख त्यात दिसली. इथे गंडवण्याचा आरोप ज्याच्यावर होता तो बरोबर निघाला आणि शंका घेणारा चुकला. कुसेन्कोंनी हार मानली आणि पैसे भरले.